ताऱ्यांची नाडीपरीक्षा

विवाहविधीत वधूवरांस ध्रुवदर्शन घडविण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. ध्रुव जसा अढळ, तसा उभयतांचा संसार अढळ असो, हा तिच्यामागील आशय. पुण्यातील मंगल कार्यालयांतून हा विधी अद्यापि होतो. मात्र भटजी बोट दाखवितात त्या दिशेस बहुधा छत असते किंवा शेजारची उंच इमारत असते, आणि वधूवरे ‘पाहिला’ असे म्हणून मोकळी होतात. पुण्याचे अक्षांश उत्तर साडेअठरा असल्यामुळे ध्रुव आमच्या क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या, तर जेमतेम तेवढी उंची होते.

परंतु आज मला सांगावयाचे आहे ते याहून निराळे. ज्याला आपण अढळपणाचा साक्षी म्हणून बोलावितो, तो ध्रुव तेजाच्या बाबतीत मुळीच अढळ नाही. सुमारे ३ दिवस २३ तासांच्या अंतराने तो किंचित फुगतो व पुन्हा आकसतो, आणि त्याबरोबर त्याचे तेजही चढते व उतरते. हा फरक एका प्रतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे नुसत्या डोळ्यांस कळत नाही. १९११ साली हर्ट्झस्प्रुंग या डॅनिश ज्योतिर्विदाने छायाचित्रांच्या साहाय्याने तो निश्चित केला. तात्पर्य, ध्रुवासही नाडी आहे, आणि वैद्याने रोग्याची नाडी पाहावी तशी ती पाहता येते. ही नाडी कशी पाहतात, कोणी पाहिली, आणि तिच्याशी आपणा पुणेकरांचा काय संबंध, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्या ताऱ्यांचे तेज कमीअधिक होते त्यांस आपल्या जुन्या ग्रंथकारांनी ‘रूपविकारी तारे’ असे सुंदर नाव दिले आहे. त्यांत मुख्य भेद दोन. काही जोडतारे एकमेकांस ग्रहण लावतात, म्हणून त्यांचे तेज घटल्यासारखे दिसते. तो केवळ आडपडद्याचा प्रकार. दुसऱ्या वर्गातील तारे मात्र स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात. त्यांस स्पंदनशील तारे म्हणावे. आपला विषय या दुसऱ्या वर्गापुरताच आहे.

या वर्गातील पहिला प्रसिद्ध तारा तिमिंगल राशीतील ‘मीरा’. नाव ऐकून आपणांस संत मीराबाईंची आठवण होईल. परंतु हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘अद्भुत’ असा आहे. १५९६ साली डेव्हिड फाब्रिसियस याने तो पाहिला. पुढे तो दिसेनासा झाला व कालांतराने पुन्हा दिसू लागला. सुमारे ३३२ दिवसांच्या एका फेऱ्यात हा तारा कधी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीइतका ठळक होतो, तर कधी नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत उतरून दुर्बिणीवाचून दिसतच नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा शोध १७८४ सालचा. इंग्लंडातील यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा एक तरुण राहत असे. तो लहानपणापासून बहिरा होता. वयाच्या विसाव्या वर्षी त्याने वृषपर्वा राशीतील ‘डेल्टा’ हा तारा ५ दिवस ८ तास ४७ मिनिटांत एक फेरा पुरा करितो हे ओळखले. त्याच साली त्याचा स्नेही एडवर्ड पिगट याला गरुड राशीतील ‘ईटा’ हा ताराही सुमारे सव्वासात दिवसांच्या फेऱ्याने असाच वागतो असे आढळले. पुढे दोनच वर्षांनी, एकविसाव्या वर्षी, गुडरिक वारला. त्या काळी ना कॅमेरा होता ना प्रकाशमापक. शेजारच्या ताऱ्यांशी रोज रात्री तुलना करावी व वहीत लिहून ठेवावे, एवढीच त्यांची रीत होती. आणि मी पुढे दाखविणार आहे की ती आजही जुनी झालेली नाही.

हे तारे स्पंदन का पावतात? घरातील एक रोजचा अनुभव घ्या. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेविले असता आतील वाफ कोंडते, झाकण वर उचलले जाते, वाफ निसटते आणि झाकण पुन्हा खाली बसते. ताऱ्याच्या पोटात अशा झाकणाचे काम हेलियम वायूचा एक थर करितो. तारा आकसला की हा थर दाबला जाऊन तापतो, त्याच्या अणूंतील विद्युत्कण सुटे होतात, आणि आतून येणाऱ्या प्रकाशास तो अधिक अपारदर्शक बनतो. उष्णता कोंडते व थर वर ढकलला जातो. प्रसरण पावून तो निवला की पुन्हा पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निघून जाते, आणि आपल्याच भाराने तारा खाली बसतो. ताऱ्यात अशी एखादी झडप असली पाहिजे, हे एडिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सांगितले होते. ते काम हेलियम करितो, हे १९५३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ झेवाकिन यांनी दाखवून दिले.

आता कोणी म्हणेल, तारे फुगोत की आकसोत, त्याच्याशी आपणांस काय करावयाचे आहे? याचे उत्तर हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी दिले. लहान मॅगेलन मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांची तपासणी करून १९१२ साली त्यांनी दाखविले की, ज्याचा फेरा जितका दीर्घ, तितका तो तारा मूळचा अधिक तेजस्वी. ध्रुव आणि वृषपर्व्यातील डेल्टा हे याच जातीचे तारे. या नियमाचा अर्थ फार खोल आहे. दूरच्या अंधारात एक दिवा दिसतो. तो जवळचा निरांजनाचा दिवा आहे की लांबवरचा रेल्वेचा, हे सांगता येत नाही. परंतु दिव्याची लुकलुक मोजून तो मूळचा किती तेजस्वी हे कळू लागले, तर दिसणाऱ्या तेजावरून त्याचे अंतर हिशेबाने काढता येते. १९२३ साली एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानी राशीतील तेजोमेघात असा एक तारा हुडकला, आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडचे स्वतंत्र विश्व आहे हे सिद्ध झाले. १९५२ मध्ये बाडे यांनी दाखविले की अशा ताऱ्यांच्या दोन जाती असून त्यांची सरमिसळ झाली होती. तेव्हा हबलने काढलेली अंतरे एकदम दुपटीने वाढली. आज त्या देवयानी विश्वाचे अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे मानितात. विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहे. त्यातील एका बाजूचा हिशेब याच ताऱ्यांच्या पायरीवर उभा आहे. म्हणजे ध्रुवाची नाडी नीट मोजणे ही गोष्ट विश्वाच्या मापाशी येऊन भिडते.

या कामात आपल्या देशाचा वाटा काय, हे पाहू. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली दक्षिण आकाशातील जालक राशीतील ‘आर’ हा तारा रूपविकारी असल्याचे शोधून काढले. हा तारा मीरेच्याच जातीचा आहे. असा शोध लावणारे ते पहिले भारतीय होत. पुण्यातून तो तारा दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम आठ-नऊ अंश वर येतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बंगालमधील जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ सरकारी खजिन्यात कारकुनी करीत. शाळेची शेवटची प्रवेश परीक्षा त्यांना अनेक प्रयत्नांनीही साधली नाही. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या तीन इंची दुर्बिणीतून ते रूपविकारी तारे पाहू लागले व आपली निरीक्षणे अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षक संघाकडे पाठवू लागले. हा संघ १९११ साली स्थापन झालेला आहे. चंद्रबाबूंची चिकाटी पाहून संघाने १९२६ साली त्यांच्याकरिता एक सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठविली. जन्मभरात त्यांनी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदविली. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच मजल गेलेल्या माणसास या उदाहरणाने मोठा धीर येतो. या शास्त्राच्या दाराशी पदवी विचारीत नाहीत, वही विचारतात.

आता आपल्या पुण्याकडे वळतो. शिवाजीनगरात पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, तेथे पूर्वी ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारी साहाय्यातून त्या आवारात १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. तिचे चालक प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा ओढा वर्णपटांकडे होता. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन घेतले. परंतु ही वेधशाळा एका माणसाच्या खांद्यांवर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. पुढे ती दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याचे नाव तिच्यावर राहिले नाही.

ही हकीकत मी हळहळ व्यक्त करण्यासाठी सांगत नाही. दुर्बीण आणणे एक वेळ सोपे. तिच्यामागे उभे राहणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळणे कठीण, एवढाच तिचा बोध. पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी याच शहरात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी ज्योतिर्विदांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था असून तिचे नाव टिळक स्मारक मंदिराशी अनेक वर्षे निगडित आहे. १९८८ मध्ये गणेशखिंडीच्या परिसरात डॉक्टर जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही संस्था निघाली, आणि २००६ साली तिने जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसविली. नायगमवालांच्या दुर्बिणीहून ही व्यासाने जवळजवळ चौपट, म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या शक्तीने सुमारे पंधरापट मोठी आहे.

मग एवढी मोठी दुर्बीण असता, आणि अवकाशातही दुर्बिणी फिरत असता, घराच्या गच्चीवरील माणसाने काय करावे? ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट अशी की, मोठी दुर्बीण ही अनेक विद्यापीठांतील संशोधकांची सामाईक मालमत्ता असते. एकाच ताऱ्यासाठी ती वर्षानुवर्षे रोज रात्री राखून ठेविता येत नाही. शिवाय डेल्टासारखा ठळक तारा तिच्या कॅमेऱ्यास दिपवून टाकतो. अवकाशातील दुर्बिणींचे माप अत्यंत सूक्ष्म असते खरे. परंतु २०१८ पासून काम करणारी ‘टेस’ ही दुर्बीण आकाशाच्या एका भागाकडे एका वेळी सुमारे २७ दिवसच पाहते. मीरेचा एक फेरा ३३२ दिवसांचा. सत्तावीस दिवसांत तिच्या चरित्राचे एखादे पान वाचून होईल. पोथी तशीच राहील.

दुसरी गोष्ट, एकट्या गावाला नाडी पुरती सापडत नाही. मीरेचा फेरा आपल्या वर्षाहून ३३ दिवसांनी आखूड आहे. म्हणून तिचा तेजस्वी काळ दर वर्षी सुमारे महिनाभर अगोदर येतो. एका वर्षी तो नोव्हेंबरात आला, तर पुढील वर्षी सप्टेंबरअखेर, त्यापुढील वर्षी ऑगस्टात, मग जुलैत. अशी तीन-चार वर्षे तो आमच्या पावसाळ्यातच येत राहणार, आणि पुण्याच्या आकाशात ढगांवाचून काही दिसणार नाही. त्या वर्षांची पाने कोरड्या हवेच्या देशांतील निरीक्षकांनी लिहावयाची. उलटपक्षी, डिसेंबर-जानेवारीत आमचे आकाश आठवड्यांमागून आठवडे निरभ्र असते. त्या काळात वायव्य युरोपातील निरीक्षक ढगांच्या नावाने बोटे मोडीत असतात. ती पाने आम्ही लिहावयाची.

ध्रुवाचीही तीच गोष्ट. त्याचा फेरा चार दिवसांस अगदी थोडा कमी. म्हणजे पुण्याहून रोज रात्री नऊ वाजता मोजले, तर कित्येक आठवडे फेऱ्यातील त्याच त्या चार अवस्था पुन्हा पुन्हा हाती लागतात, मधल्या निसटतात. त्या मधल्या अवस्था जपानात, युरोपात, अमेरिकेत दिसतात. जपानात सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच झालेले असतात. त्याने खाली ठेविलेली लेखणी आपण उचलावयाची. ही रेखांशांची साखळी आहे, आणि तीत आमच्या बाजूचा दुवा फार विरळ आहे. आम्ही पाहिले नाही म्हणून ताऱ्याचे काही अडत नाही. पण ती रात्र मग कायमची कोरी राहते. गेलेल्या रात्रीचे माप पुढे कितीही मोठी दुर्बीण आणली तरी घेता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सायंकाळी उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची आकृती ओळखीची आहेच. तिच्या पश्चिमेस वृषपर्व्याचा पंचकोन दिसेल. ध्रुवापासून दूर असलेल्या त्याच्या एका कोपऱ्याशी तीन ताऱ्यांचा चिमुकला त्रिकोण आहे. त्यातील झीटा हा तारा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ प्रतीचा, आणि तिसरा आपला डेल्टा. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे ध्यानात असावे. डेल्टा ३.५ पासून ४.४ पर्यंत फिरतो. तो दीड दिवसात चढतो व सुमारे चार दिवसांत सावकाश उतरतो. समजा, आज तो झीटापेक्षा थोडा मंद, परंतु एप्सिलॉनपेक्षा बराच ठळक वाटला. दोहोंतील अंतराचे मनात चार भाग करावे, आणि तो झीटापासून एक भाग खाली आहे असे वाटल्यास ३.४ मध्ये ०.२ मिळवून ३.६ लिहावे. झाले निरीक्षण! दोन-तीन आठवडे असे केल्यावर चौकटीच्या कागदावर बिंदू मांडले, की गुडरिकने पाहिलेली तीच चढउतार आपल्या हातून उमटते. तो आनंद शब्दांनी सांगता येणार नाही.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. अंधारात गेल्यावर वीस मिनिटे तरी डोळे सरावू द्यावे व तोवर मोबाइलकडे पाहू नये. तुलनेचे तारे शक्यतो सारख्याच उंचीवरचे घ्यावे. कारण क्षितिजाजवळची धूळ व हवा तेज गिळून टाकते. मीरेसारख्या तांबूस ताऱ्याकडे टक लावून पाहू नये. तसे केल्यास तो अधिकाधिक ठळक भासू लागतो, म्हणून झटकन दृष्टिक्षेप करून निर्णय घ्यावा. तारीख व वेळ अचूक लिहावी, आणि आकाश कसे होते तेही लिहावे.

सर्वांत मोठे पथ्य शेवटी सांगतो. निरीक्षण करण्यापूर्वी कालचा आकडा पाहू नये. शाळेत गणित शिकविणाऱ्या प्रत्येकास असा विद्यार्थी भेटतो, जो पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर आधी पाहतो व मग रीत तिथवर ओढून नेतो. त्याचे उत्तर बरोबर असते, आणि त्याला गणित येत नसते. ‘आज तारा चढलेला असला पाहिजे’ असे मनात धरून जो पाहतो, त्याला तो चढलेलाच दिसतो. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा न खोडता तसाच ठेवणे, हीच या विद्येची खरी परीक्षा. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज हा तारा, अचानक मंदावू लागला व फेब्रुवारी २०२० पर्यंत १.६ प्रतीपर्यंत उतरला. त्या वेळी जगभरच्या साध्या निरीक्षकांच्या प्रामाणिक वह्या शास्त्रज्ञांस उपयोगी पडल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ बनून ती आड आली, असा निष्कर्ष पुढे निघाला.

ज्यांच्यापाशी साधने आहेत त्यांनी एक पायरी वर जावे. लहान दुर्बिणीस इलेक्ट्रॉनिक कॅमेरा जोडून, ज्यांचे तेज स्थिर आहे अशा शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केल्यास प्रतीच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप घेता येते. स्वरमंडलातील ‘आर-आर’ हा सातव्या-आठव्या प्रतीचा तारा त्यासाठी उत्तम आहे. त्याचा फेरा अवघा साडेतेरा तासांचा असल्यामुळे एकाच रात्री त्याचे तेज चढताना दिसू शकते. शाळा-महाविद्यालयांनी हे काम अवश्य हाती घ्यावे.

एक अडचण मात्र एकट्यादुकट्याने सुटणारी नाही. पुण्याच्या मध्यवस्तीत आज रात्री चौथ्या प्रतीचा तारा दिसणे दुरापास्त झाले आहे; डेल्टा मंद असताना दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी लागते किंवा शहराबाहेर जावे लागते. दिवे नकोत असे कोण म्हणेल? परंतु दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आकाशात नव्हे. दिव्यांस वरून टोपण घालणे, निरुपयोगी दिवे मध्यरात्रीनंतर मालविणे, एवढे आपल्या सोसायटीपुरते तरी आपण करू शकतो. त्यात विजेची बचत आहे, आणि मुलांना ध्रुव खरोखरच दाखविता येईल हा लाभ वेगळाच.

तेव्हा श्रोतेहो, माझी विनंती थोडक्यात अशी. यंदा पावसाळा सरला की एक शंभर पानी वही घ्यावी, घरातील एखाद्या मुलास किंवा मुलीस सोबत घ्यावे, आणि महिनाभर डेल्टाची नोंद करावी. वही भरू लागली की ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या मंडळातील जाणत्यांस दाखवावी. तेथून ती जगाच्या मोठ्या वहीत कशी पोचवावयाची हे ते सांगतील. कोणत्या ताऱ्यापासून आरंभ करावा हे आपणांस आता ठाऊक झाले आहे.